रक्तक्षयावरील विद्यार्थी-संशोधन : प्रश्नावली कशी करावी?

आपण वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि गावातील स्त्रियांच्या रक्तक्षयावर दोन महिन्यांत अभ्यास करू इच्छिता, त्यासाठी प्रश्नावली कशी असावी, असा आपला प्रश्न आहे. विद्यार्थी असताना मीही याच विषयावर काम केले होते आणि त्यात चुकाही केल्या होत्या.

प्रश्नावलीच्या आधी विषय आवरता घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. तेच प्रमाण पुन्हा मोजायचे म्हटले, तर चार पीक्यू भागिले एल वर्ग (पी म्हणजे रक्तक्षय असलेल्यांचे टक्के, क्यू म्हणजे नसलेल्यांचे, एल म्हणजे चालणारी त्रुटी) या नमुन्याचा आकार काढण्याच्या नेहमीच्या सूत्राने, दहा टक्के सापेक्ष त्रुटी, म्हणजे पीच्या एक दशांश इतकी त्रुटी, धरूनही, सुमारे ३४० स्त्रिया तपासाव्या लागतील. एकट्या विद्यार्थ्याला हे झेपत नाही, आणि हाती येणारी माहिती आधीच छापलेली असते. त्यापेक्षा गरोदर स्त्रियांना मिळालेल्या लोहाच्या गोळ्या प्रत्यक्षात किती घेतल्या जातात, एवढेच पाहा.

माझी चूक इथेच झाली. "गोळ्या नियमित घेता का?" असे मी आशाताईंच्या समोरच विचारत असे आणि जवळपास प्रत्येकजण "हो" म्हणत असे, गोळ्या वाटणाऱ्या बाईंसमोर दुसरे कोण काय म्हणणार? पुढे एका घरी मी सहज पाकीट दाखवायला सांगितले, तेव्हा मिसळणाच्या डब्यामागून लाल गोळ्यांच्या तीन अखंड पट्ट्या निघाल्या. त्यानंतर मी प्रश्न बदलला : पाकीट पाहायचे, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, मग "काल घेतली होती का, कशासोबत घेतली?" असे विचारायचे. चहासोबत घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही, आणि शौचास काळी होते म्हणून घाबरून गोळ्या सोडणाऱ्याही बऱ्याच भेटतात. ही कारणे "हो किंवा नाही" या चौकटीत मावत नाहीत.

हिमोग्लोबिनही मोजणार असाल, तर बोट दाबून रक्त काढू नका, कारण पेशींभोवतीचा द्रव मिसळून आकडा खोटाच कमी येतो. पहिला थेंब पुसून टाकावा. गरोदरपणी ११ ग्रॅमखाली आकडा आल्यास त्या बाईला त्याच दिवशी तसे सांगून आरोग्य केंद्रात पाठवणे ही आपली जबाबदारी असते.

नीतिशास्त्र समितीची मंजुरी मात्र पहिल्या मुलाखतीपूर्वीच घ्या. ती मागाहून मिळत नाही.