माणूस आधी जिवंत कर

अगं,

रविवारी तलावपाळीच्या कठड्यावर बसून तुझी वही वाचली. 2020 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसच्या पोलिसाने मारलेल्या काळ्या जॉर्ज फ्लॉइडवर पाच पानांची कविता. रक्त, अंधार, साखळदंड. वर तुझा प्रश्न, "ताई, ऐरोलीत बसून मिनियापोलिसवर लिहायचा मला काय अधिकार?" तो सोड. 1972 साली इथल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर काढली, तेव्हाच तो निकालात निघाला.

मला खटकलं ते वेगळंच. पाच पानांत फ्लॉइड कुठे आहे? ह्यूस्टनच्या शाळेत फुटबॉल खेळलेला, मानेवर गुडघा असताना आईला हाका मारणारा. आई 2018 मध्येच गेली होती. माणूस आधी जिवंत कर, मग रड.

एमेट टिल हा काळा पोरगा 14 वर्षांचा होता, 1955 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत गोऱ्यांनी मारला. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्सनी त्याच्यावरच्या कवितेत काय दाखवलं? लाल खोलीत काळी कॉफी पीत बसलेली त्याची आई. न्यूयॉर्कच्या एरिक गार्नरचा 2014 मध्ये पोलिसाने गळा आवळला. कवी रॉस गे यांच्या त्याच्यावरच्या छोट्याशा कवितेत तो हात नाहीच. गार्नर काही काळ उद्यान खात्यात कामाला होता. त्याने लावलेली रोपं कदाचित अजून वाढत असतील, आपला श्वास सोपा करत असतील, इतकंच. आशा ही अशी असते. तू शेवटी सूर्य उगववलायस, तो खोड.

रागावू नकोस. हे मला फुकट कळलेलं नाही. 1997 मध्ये घाटकोपरच्या रमाबाईनगरात, दलित वस्तीत, पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्याच आठवड्यात मी कविता लिहिली, ठाण्यात वाचली, टाळ्या घेतल्या. खाली उतरले तर एक म्हातारबाबा म्हणाले, "बाई, त्यातल्या एकाचं तरी नाव सांगा." मला येईना. 'दहा' हा आकडा मात्र कवितेत चारदा होता.

त्यानंतर फार थोडं लिहिलं. आटली म्हणतात, म्हणू देत. ज्या घरात चहा प्यायले नाही, त्या घरातल्या मेलेल्यावर ओळ लिहिली नाही. आता तू म्हणशील, मिनियापोलिसला चहा कसा प्यायचा? मग वाच ना! बातमी नको, माणूस वाच. (निम्म्या वेळा मी नुसती घाबरले होते, हेही खरं.)

पुढच्या रविवारी ये. पाचाचं एक पान करून आण. आणि फ्लॉइडच्या आईला घरात काय म्हणायचे, तेवढं शोधून ठेव.

तुझी,
ताई