परवान्याचा माग

प्रश्न : नव्या पेठेजवळच्या एका परमिट रूमच्या पाटीवर 'स्थापना १९३२' लिहिलंय. परवाना तेव्हापासूनचाच आहे का, हे कसं तपासायचं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : परमिट रूमचा एफएल-३ परवाना १९५३च्या विदेशी मद्य नियमांखाली मिळतो, त्यामुळे तो १९३२चा असूच शकत नाही. तेव्हाचं दुकान १८७८च्या अबकारी कायद्याखालचं असणार. मध्ये १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि तो धागा तुटला. पाटीवरचं साल हॉटेलचं किंवा घराण्याच्या धंद्याचं असू शकतं.

आधी दुकानात लावलेल्या परवान्यावरचा क्रमांक, परवानाधारकाचं नाव आणि जागेचा पत्ता टिपून घ्या. मग राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. मूळ मंजुरी आदेश, नूतनीकरणाच्या नोंदी, वारस किंवा भागीदार बदलाचे आदेश, स्थलांतराचे आदेश आणि मंजूर नकाशा ही कागदपत्रं नावानिशी मागा. 'संपूर्ण इतिहास द्या' असं लिहिलंत तर अर्ज हमखास अडतो. हॉटेलच्या नावावरही विसंबू नका. ते बदलत राहतं, माग लागतो तो परवाना क्रमांकावरून.

सगळ्यात मोठी गफलत स्थलांतरामुळे होते. परवाना दुसरीकडून या जागेत आलेला असू शकतो. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको, या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १ एप्रिल २०१७पासून, कित्येक दुकानं बंद झाली किंवा हलली. म्हणून जागेचा माग वेगळा काढा : नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, महापालिकेतून कर आकारणीचा जुना उतारा. दोन्हीकडची नावं आणि सालं शेजारी मांडली की परवाना इथे कधी आला ते कळतं.

१९५०च्या आधीचे कागद मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत (जुन्या सरकारी दप्तरांच्या संग्रहांत) शोधा, पेठ आणि साल सांगून. दारूविक्रीच्या मक्त्याचा (ठेक्याचा) लिलाव होई, त्यामुळे मालकाच्या नावावरून शोधणं फोल ठरतं. दुकान अक्कलकोटकडचं असेल तर १९४८च्या विलीनीकरणाआधीचे कागद संस्थानी दप्तरातले.

प्रश्न : 'त्रयस्थाची माहिती' म्हणून अर्ज फेटाळला. आता?

उत्तर : तीस दिवसांत पहिलं अपील करा. त्यात माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) नमूद करा. वीस वर्षांहून जुन्या बाबींना खासगीपणाची सबब लागू होत नाही. अलीकडच्या कागदांसाठी मात्र कलम ११प्रमाणे परवानाधारकाला नोटीस जाईल, त्याचं म्हणणं ऐकूनच निर्णय होईल. म्हणून जुने आणि नवे कागद दोन वेगळ्या अर्जांत मागा.