मिरचीचा कोकडा आणि टोमॅटोचा करपा : दोन्हींवर एकच फवारा चालत नाही

प्रश्न : मे अखेरीस लावलेल्या मिरचीवर कोकडा आला आहे. दुकानदाराने दिलेली दोन कीटकनाशके, एक बुरशीनाशक, स्ट्रेप्टोसायक्लिन आणि टॉनिक असे सगळे एकत्र करून चार फवारण्या केल्या, तरी शेंडे आवळतच आहेत. आता कोणते औषध मारावे?

उत्तर : आता लगेच काहीही मारू नये. आधी सरीत बसून शेंडा हातात घ्यावा. पाने कडांनी वर वळून होडीसारखी झाली असतील, तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम आहे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला की बारीक पिवळसर किडे पळताना दिसतात. पाने खाली वळली असतील आणि देठ लांबला असेल, तर कोळी ही बारीक कीड आहे आणि ती पाहायला भिंग लागते. पाने बारीक राहून गुच्छ झाला असेल, झाड खुजे राहून फूल धरत नसेल आणि सकाळी झाड हलवताच पीठ उडावे तशा पांढऱ्या माश्या उठत असतील, तर तो विषाणू आहे. तिन्हींना आपण कोकडा, बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतो, आणि दुकानात या एका नावावर पाच पुड्या निघतात.

पहिल्या दोहोंवर औषध आहे. तिसऱ्यावर नाही. विषाणू झाडाच्या पेशीत शिरून त्या पेशीकडूनच आपली वाढ करून घेतो, त्यामुळे त्याला मारून झाड जिवंत ठेवणारी बाटली बाजारात नाही. 'व्हायरस स्पेशल' म्हणून जे विकले जाते, त्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आहे का, हे दुकानातच पाहावे आणि पक्के बिल मागावे. स्ट्रेप्टोसायक्लिन हे जिवाणूंवरचे प्रतिजैविक आहे. विषाणूवर त्याचा उपयोग शून्य.

पांढऱ्या माशीने रोगट झाडाचा रस एकदा शोषला की पुढे अनेक दिवस, बहुधा मरेपर्यंत, ती ज्या झाडावर बसेल तिथे विषाणू सोडत जाते. म्हणून रोपे कोवळी असतानाच माशीला रोखावे लागते. लागण जितकी लवकर, तितके नुकसान मोठे. झाड फळांनी लदल्यावर आलेला रोग त्या मानाने परवडतो. याउलट मावा हा किडा मिरचीवरही येणाऱ्या काकडी मोझॅकचा (पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणाऱ्या रोगाचा) विषाणू काही सेकंदांत उचलतो आणि तितक्याच झटपट दुसऱ्या झाडात सोडतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत त्याचे काम उरकलेले असते. माझा आग्रह गेली अनेक वर्षे एकच आहे : लावणीच्या तीन आठवडे आधी प्लॉटभोवती मक्याच्या दोन दाट ओळी पेरा. बाहेरून आलेला मावा आधी मक्यात सोंड खुपसतो, तिथेच त्याच्या सोंडेवरचा विषाणू पुसला जातो, आणि पांढऱ्या माशीलाही आडोसा होतो. रोपवाटिकेवर 40 ते 50 मेशची (एका इंचात तितकी छिद्रे असलेली) जाळी हवीच. ज्यांनी ही दोन कामे टाळली, त्यांच्याच बांधावर मला रिकाम्या बाटल्यांचे ढीग जास्त दिसले.

लावणीनंतर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात विषाणूची तुरळक झाडे दिसली, तर आधी माशीसाठी शिफारशीचे एकच कीटकनाशक लेबलवरील मात्रेत फवारावे आणि मगच झाड उपटून पिशवीत घालून शेताबाहेर नेऊन पुरावे. न फवारता उपटले, तर माशी शेजारच्या झाडावर जाते. रोग अर्ध्या रानात पसरल्यावर मात्र उपटण्यात अर्थ नाही.

पुन्हा सांगतो : एका पंपात चार औषधे मिसळू नका. मात्रा दुप्पट करू नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक वारंवार मारू नका. त्याने मित्रकीटक मरतात आणि कोळी व पांढरी माशी उलट उसळते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे विसरू नये. फवारणी ठरवायची ती पिकात काय दिसते यावरून, उधारीच्या वहीवरून नव्हे.

प्रश्न : टोमॅटोवर करपा दिसताच फवारतो, मात्रा वाढवतो, तरी डाग वाढतात. असे का?

उत्तर : कारण फवारणी उशिरा होते. बुरशीचे बीजाणू वाऱ्याने आणि पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर पानावर येतात, पान काही तास ओले राहिले की रुजतात आणि आत शिरतात. डाग मात्र काही दिवसांनी दिसतो. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक पानाच्या पृष्ठभागावर राहून बीजाणू रुजू देत नाही. आत शिरलेल्या बुरशीवर ते चालत नाही, मग दुप्पट घाला की चौपट. ढगाळ, दमट हवा दिसताच, पावसाच्या आधी, 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम या प्रमाणात ते फवारावे. पाऊस चालू असताना नव्हे. जुन्या, खालच्या पानांवर एकात एक वलये असतील तर तो लवकर येणारा करपा आहे आणि त्यावर मेटॅलॅक्झिल हे पानात शिरणारे बुरशीनाशक चालत नाही. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबच्या महागड्या जोडपुडीत तिथे काम एकट्या मॅन्कोझेबचेच होते, आणि ते सुटे स्वस्त मिळते. मेटॅलॅक्झिल थंड, ओल्या हवेतल्या उशिरा येणाऱ्या करप्यासाठी राखून ठेवावे, आणि तेही लागोपाठ मारू नये, नाहीतर बुरशी त्याला दाद देईनाशी होते. पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या भुरी या बुरशीला पान ओले असण्याची गरज नसते, म्हणून ती कोरड्या हवेतही येते. तिला मॅन्कोझेब पुरत नाही, गंधक लागते, पण भर उन्हात गंधक मारल्यास पाने भाजतात.

जमिनीला टेकलेली पाने काढावीत आणि झाडे तारेवर चढवावीत. बांधणी करणाऱ्या मजुरांनी तंबाखू मळून त्याच हाताने झाडाला हात लावू नये. तंबाखूतला मोझॅकचा विषाणू असाच पसरतो, म्हणून बांधावर साबण आणि पाण्याची बादली ठेवावी.

शेडनेटसाठी (सावलीच्या जाळीच्या घरासाठी) एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात मापदंडाच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या, 50 टक्के अनुदान आहे. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करावा आणि पूर्वसंमतीआधी काम सुरू करू नये. बाकीची माहिती सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा कृषी सहायक) मिळेल.