जुना कॅमेरा ऑनलाइन विकताना फसवणूक कशी टाळावी?

तुम्ही लिहिलंय की डीएसएलआर आणि दोन लेन्स मिळून साठेक हजारांची जाहिरात टाकली आणि थोड्याच वेळात एका ‘फौजी’ गृहस्थांचा फोन आला. त्यांनी भाव केला नाही, कॅमेरा बघायलाही मागितला नाही, आणि आता पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडलाय. तो कोड स्कॅन करू नका. नंबर ब्लॉक करा आणि मग पुढचं निवांत वाचा.

यूपीआयवर पैसे घेणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. कोड स्कॅन करायचा नाही, लिंक उघडायची नाही, पिन तर अजिबात टाकायचा नाही. पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक बघताना. ही माणसं आधी खरोखरच एक-दोन रुपये पाठवतात, म्हणजे आपला विश्वास बसतो, आणि मग मोठ्या रकमेचा कोड येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीला जुना सोफा विकताना अगदी असंच ३४ हजारांना फसवलं गेलं. आधी किरकोळ रक्कम जमा झाली, मग कोड स्कॅन केल्यावर २० हजार गेले, ‘चुकून झालं, परत करतो’ म्हणून दुसरा कोड आला आणि आणखी १४ हजार गेले. तेव्हा तुम्ही आधी थांबून विचारलंत हे फार चांगलं केलंत. ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमधली ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ (समोरच्याकडे यूपीआयवरून पैसे मागण्याची विनंती) बंद झाली आहे, पण क्यूआरचा सापळा तसाच आहे. लष्कराचं ओळखपत्र आणि कँटीन कार्डाचे फोटो पाठवले म्हणून विश्वास ठेवू नका. ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचे असतात.

मी लग्नाची फोटोग्राफी करतो, त्यामुळे कॅमेरे घेणं-विकणं सतत चालू असतं. अनुभवाने सांगतो, खरं गिऱ्हाईक पिच्छा पुरवतं. शटर काउंट (आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा) किती, लेन्सला फंगस म्हणजे बुरशी आहे का, बिल आहे का, सर्व्हिसिंग कुठे केलं, मूळ बॅटरी आहे का, असे दहा प्रश्न विचारतं आणि वर चार-पाच हजार कमी करायला सांगतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला फंगस धरणं काही नवलाचं नाही, म्हणून जाणकार माणूस टॉर्च मारून काच बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. ज्याला यातलं काहीच बघायचं नाही, त्याला कॅमेरा नकोच आहे. फंगसचा बारीकसा ठिपका असेल तर तो जाहिरातीतच लिहा, फोटोही टाका. किंमत थोडी उतरते, पण समोरासमोर भेटल्यावर वाद होत नाही. बिलाचा फोटो टाकताना मात्र नाव, पत्ता आणि सिरीयल नंबरचे शेवटचे आकडे झाका.

घरी कुणालाही बोलावू नका. तुमच्या बँकेची शाखा कामकाजाच्या वेळेत सगळ्यात उत्तम: सीसीटीव्ही असतात, माणसं असतात आणि रोख मिळाली तर तिथल्या तिथे भरता येते, नोटा खऱ्या आहेत का तेही कळतं. सोबत एक जण न्या. कॅमेरा बघायला देताना पट्टा गिऱ्हाइकाच्या गळ्यात जाऊ देऊ नका आणि ‘जरा बाहेर उजेडात बघतो’ म्हणाला तर तुम्हीही बरोबर जा. त्याला स्वतःचं मेमरी कार्ड आणायला सांगा. चार फोटो काढून घरी लॅपटॉपवर बघायचे असतील तर खुशाल बघू दे. तुमचं कार्ड कॅमेऱ्यासोबत देऊच नका. फॉरमॅट केलेल्या कार्डातूनही जुने फोटो परत काढता येतात.

पैसे आले की नाही हे त्याच्या मोबाइलच्या स्क्रीनवर, स्क्रीनशॉटवर किंवा एसएमएसवर ठरवायचं नाही. पेमेंट झाल्याचा खोटा स्क्रीन दाखवणारी अ‍ॅप्स आहेत. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा रक्कम दिसेपर्यंत कॅमेरा तुमच्या हातात राहू द्या. ‘सर्व्हर डाउन आहे, रात्रीपर्यंत येतील’ असं म्हणाला तर व्यवहार रात्रीच करू म्हणा. चेक नकोच.

एका गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही: पैसे कुणाच्या खात्यातून आले. समोर उभा माणूस एक आणि जमा रकमेपुढे नाव भलत्याचंच, असं असेल तर व्यवहार थांबवा. ते पैसे दुसऱ्या कुणाला फसवून आणलेले असू शकतात. त्या माणसाने तक्रार केली की पोलिसांच्या सूचनेवरून तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम, कधी कधी पूर्ण खातंच गोठवलं जातं. मग तुम्ही प्रामाणिकपणे कॅमेरा विकलात हे सिद्ध करत फिरावं लागतं. माझ्या ओळखीतल्या एकाचे यात महिने गेले. म्हणून पैसे कॅमेरा विकत घेणाऱ्याच्याच खात्यातून घ्या आणि साध्या कागदावर दोन प्रती करा: तारीख, बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि लेन्सचे सिरीयल नंबर, रक्कम, व्यवहार क्रमांक, दोघांची नावं, सह्या. त्याचं ओळखपत्र बघून घ्या, चॅट पुसू नका. त्यालाही हा कागद हवाच असतो, कारण भाड्याने नेऊन परत न केलेले कॅमेरेही बाजारात फिरतात.

चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरीच असते.

एवढी धावपळ नको असेल तर मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे जुने घेतात. भाव कमी मिळेल. मी तुमच्या जागी असतो तर बॉडी आणि किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच येणारी साधी लेन्स) दुकानात दिली असती, कारण बॉडीची किंमत दरवर्षी घसरतेच, आणि दुसरी चांगली लेन्स सावकाश, ऑनलाइन, योग्य माणूस मिळेपर्यंत थांबून विकली असती.