जुन्या बाजारात सापडलेल्या तबकडीविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. चोरबाजारातल्या ढिगाऱ्यातून कोणाच्याच खिजगणतीत नसलेली इलेक्ट्रॉनिक संगीताची एखादी तबकडी हाती लागली, तर आधी काय करावे, असे तू विचारले आहेस. आधी ती दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकावी. तिची किंमत आणि तिच्याभोवतीची आख्यायिका यांची चौकशी नंतर करावी, कारण आख्यायिका एकदा कानात बसली की सुरांकडे लक्ष राहत नाही.

चरणजितसिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या तबकडीच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या वादकाने 1982 साली रोलँड कंपनीची ज्युपिटर-8 (सिंथेसायझर), टीआर-808 (ठेका देणारे यंत्र) आणि टीबी-303 (खर्जाचे सूर देणारे यंत्र) ही तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती तबकडी काढली, पण ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. 2002 साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. त्याने मुंबईत येऊन चरणजितसिंगांना गाठले आणि 2010 साली ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या प्रकाशनसंस्थेतर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हापासून ‘अ‍ॅसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला’, म्हणजे टीबी-303च्या वळवळत्या आवाजावर चालणारे शिकागोचे ते नृत्यसंगीत आधी इथे निर्माण झाले, असे सर्रास म्हटले जाते.

हे विधान तू करू नयेस, असे मला मनापासून वाटते. शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी 1987 साली आली. तिच्यातही टीबी-303 आहे आणि तिथल्या मुलांनी ते यंत्र जुन्या मालातूनच घेतले होते. परंतु त्यांनी मुंबईची तबकडी ऐकली होती, याला काहीही आधार नाही. एकच यंत्र दोन शहरांत दोन वेगळ्या गरजांसाठी वापरले गेले, ही खरी हकीकत आहे आणि मला ती अधिक मोलाची वाटते.

मुंबईतली ती गरज समजून घ्यायची असेल तर चरणजितसिंगांच्या तबकडीवरचा ‘यमन’ किंवा ‘मालकंस’ लाव आणि फक्त खालच्या, खर्जातल्या सुरांवर लक्ष ठेव. टीबी-303 हे मुळात गिटारवादकाला बासची, म्हणजे खर्जातल्या सुरांची, साथ मिळावी म्हणून बनवलेले यंत्र. त्यात स्वर एकामागून एक भरायचे, त्यांचे कालमान वेगळे भरायचे आणि ज्या स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जायचे असेल तिथे तशी खूण करायची, असा किचकट प्रकार असतो. ही घसरण मींडेच्या, म्हणजे गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकतो त्या क्रियेच्या, जवळ जाते, पण मींड नव्हे. गवई मींड कितीही लांबवू शकतो, यंत्राची घसरण मात्र ठरलेल्या वेळेतच संपते. रागाची चाल सांभाळणारा हात आणि न थांबणारे यंत्र यांच्यातली ही ओढाताण हाच त्या तबकडीचा गाभा आहे. (यंत्रातल्या सोळा पायऱ्या, म्हणजे स्वर भरायच्या सोळा जागा, पाहून सोळा मात्रांच्या तीनतालाशी नाते जोडण्याचा मोह होईल. तो आवर, कारण त्या पायऱ्या चार ठोक्यांच्या पाश्चात्त्य मापातून आल्या आहेत.)

तुला मिळालेली तबकडी तिरप्या उजेडात धरून पाहा. वरवरचे बारीक ओरखडे चालतात, नखाला लागणारी चीर मात्र सुईला अडवते. शेवटची खाच आणि मधले लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर क्रमांक उमटवलेला असतो. तो लेबलवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते तपास, कारण जुन्या बाजारात एकीचे कव्हर दुसरीला चढवलेले पुष्कळदा आढळते. दुकानदाराने फाटके कव्हर फेकून द्यायला काढले असेल तर तेही मागून घे, कारण वादकांची नावे आणि ध्वनिमुद्रणाचे तपशील बहुधा तिथेच मिळतात.

त्या नावांपैकी कोणी हयात असेल तर विनाविलंब भेट. चरणजितसिंग 2015 साली निवर्तले. पुनर्प्रकाशनानंतर त्यांना हे राग परदेशातल्या रंगमंचांवर पुन्हा वाजवता आले, ते कोणीतरी त्यांचे दार ठोठावले म्हणून. भेटीत ‘हे तुम्हीच प्रथम केले ना?’ असे विचारू नकोस. यंत्र कुठून आणले, स्वर कसे भरले, शेजारी कोण बसले होते, असे विचार. हाताने केलेल्या कामाविषयी विचारले की जुने वादक भरभरून बोलतात.

पुढच्या पत्रात त्या पट्ट्यावरचा क्रमांक आणि कव्हरच्या मागचा सगळा मजकूर, त्यातल्या चुकांसकट, उतरवून पाठव.

तुझा हितचिंतक