अध्यक्षांचा वकील आपला म्हणून चालेल का?

प्रश्न : माझे पती लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत व्यवस्थापक आहेत. ठेवी अडकल्या, गुन्हा दाखल झाला आणि आता आर्थिक गुन्हे शाखेकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, चौकशीला हजर राहण्याची नोटीस आली आहे. अध्यक्ष म्हणतात, ‘आपला वकील सगळं बघतो, तो सांगेल तसा जबाब द्या.’ दीर म्हणतात, ‘शेत आधी माझ्या नावावर करून टाका.’ काय करावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी शेताचं. ते हलवूच नका. ठेवीदारांसाठीच्या 1999 च्या कायद्यात, म्हणजे एमपीआयडीत, संचालकांबरोबर व्यवस्थापकाचीही मालमत्ता जप्त होऊ शकते. गुन्हा दाखल झाल्यावर केलेलं बक्षीसपत्र लबाडी म्हणूनच वाचलं जाईल आणि दीरही त्यात ओढले जातील.

नोटिशीच्या तारखेला यजमानांनी हजर राहावं. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. न जाणारा ते कारण स्वतःच पुरवतो. अटकपूर्व जामिनासाठी आधी सत्र न्यायालयात जायचं का, ते मात्र त्याआधीच वकिलाशी बसून ठरवा.

पण तो वकील अध्यक्षांचा नको. यावर मी अडूनच बसेन. अध्यक्षांचा बचाव बहुतेक वेळा एकच असतो : ‘आम्ही मानद, कारभार व्यवस्थापक बघायचे.’ तुमच्या यजमानांचा बचाव नेमका याच्या उलट आहे. मग दोघांची बाजू एकच माणूस कशी मांडणार? अशा प्रकरणांत पगारी माणूस संस्थेवरच्या निष्ठेपायी गप्प राहतो आणि सगळ्यात आधी कोठडीत जातो, हे पाहून मला फार त्रास होतो. फी जड जाईल, तरी वकील वेगळाच करा.

त्याच्यापुढे पहिल्या दिवशी कर्जाच्या फायली ठेवायच्या. प्रस्तावावर यजमानांनी ‘तारण अपुरे, जामीनदाराच्या सातबाऱ्यावर बोजा’ असा शेरा मारून खाली सही-तारीख केली असेल आणि पुढच्याच सभेच्या प्रोसिडिंगमध्ये तेच कर्ज मंजूर झालं असेल, तर ती दोन पानं शंभर साक्षीदारांना भारी आहेत. लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचा दोषदुरुस्ती अहवालही शोधा. मूळ कागद घरी आणायचे नाहीत, नकला रीतसर मागायच्या. फोनमधला अध्यक्षांचा एकही मेसेज पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वेगळा लागतो.

नातेवाइकाच्या नावे एखादं कर्ज यजमानांनी स्वतः उचललं असेल, तर तेही वकिलापासून लपवू नका. व्यवहारांच्या तारखाही द्या : 30 जून 2024 पर्यंतच्यांना जुन्या दंड संहितेची 409 (विश्वासघात) आणि 420 (फसवणूक) ही कलमं लागतात, नंतरच्यांना न्याय संहितेची 316 आणि 318.

जबाब देताना आठवत नसेल तर ‘कागद पाहून सांगतो’ म्हणावं, अंदाजाने आकडे देऊ नयेत. स्वतःवरच गुन्हा ओढवेल असं उत्तर द्यायची सक्ती घटनेच्या कलम 20(3) मुळे करता येत नाही. आणि पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे यजमानांना आजच सांगून ठेवा.