खांदा बदलल्यावर जोर लावून व्यायाम करावा का?

तुमचा प्रश्न असा: आईचा उजवा खांदा बदलून तीन आठवडे झाले. फिजिओ नुसता हात लोंबता सोडून हलवायला सांगतो, तर गुडघा बदललेल्या शेजारच्या मावशी म्हणतात, रडत रडत वाकवला म्हणून मी आज चालते, तुम्हीही जोर लावा. ऐकायचं कोणाचं? आणि दोन महिन्यांवर आलेल्या चतुर्थीला आईला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधता येईल का?

ऐकायचं फिजिओचं. मी फोंड्यात हेच काम करते आणि गुडघेवाल्यांचा हा सल्ला घरोघरी ऐकते. गुडघ्यापुरता तो बराचसा बरोबरही आहे. पण खांदा बदलताना बहुतेक वेळा पुढचा एक स्नायू, सबस्कॅप्युलॅरिस, हाडापासून सोडवून परत शिवतात. ती शिवण धरायला साधारण सहा आठवडे लागतात. त्याआधी जोर लावला तर ती उसवू शकते, मग आतला सांधा कितीही छान बसलेला असो.

आधी डिस्चार्ज कार्ड काढून ‘रिव्हर्स’ लिहिलंय का ते बघा. रिव्हर्स म्हणजे सांध्यातला दंडाकडचा गोळा आणि खांद्याकडची वाटी यांची अदलाबदल. 1985 च्या सुमाराला फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी बसवलेली ही रचना. खांद्याचे आतले स्नायू फाटलेले असले तरी खांद्यावरचा मोठा स्नायू, डेल्टॉइड, हात उचलू शकतो, हा तिचा फायदा. पण हात पाठीमागे वळवला की ती निखळण्याची भीती असते. म्हणजे ब्लाउजचे मागचे हुक आणि कमरेला मागून साडी खोचणं बंद. पुढून उघडणारा गाऊन घाला. घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी.

खरं सांगायचं तर व्यायाम कमी पडला म्हणून बिघडलेले खांदे मला कमी दिसतात. बिघडतं ते खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठताना, नाहीतर पाण्याची कळशी सवयीनं उचलताना. आईंची खुर्ची उंच करा. त्या हातात चहाच्या कपापेक्षा जड काही नको.

लोंबत्या हाताचा व्यायाम मात्र नीट बघा. डावा हात टेबलावर टेकून पुढे वाकायचं आणि हलवायचं ते अंग, पुढे-मागे. हात आपोआप झुलला पाहिजे. बहुतेकजण हातच गरगर फिरवतात, म्हणजे नेमका तोच स्नायू कामाला लावतात. पाठीवर झोपून डाव्या हातानं उजवा हात वर नेणं सर्जननं सांगितलं असेल तर तेही तसंच, उजव्यानं मदत करायची नाही. बोटं, मनगट हवं तितकं हलवू द्या; कोपर वाकवताना हातात वजन नको. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी, नंतर बर्फ. झोपताना कोपराखाली चादरीची घडी अशी ठेवा, की उताणं पडल्यावर त्यांना स्वतःचं कोपर दिसेल. हात मागे पडला की ते दिसत नाही.

स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, चार ते सहा आठवडे. स्वतःच्या ताकदीनं हात उचलणं साधारण सहा आठवड्यांनंतर, रबरी पट्टी ताणायचे व्यायाम बारा आठवड्यांच्या पुढे. तुमच्या सर्जननं वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा. ताप, जखमेतून पाणी, किंवा अचानक कळ येऊन हात उचलेनासा झाला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दाखवा.

राहिली माटोळी. चतुर्थीला आईंचे अकरा-बारा आठवडे होतील. नारळ नि सुपारीचे घड डोक्यावर हात करून टांगणं त्यांना यंदा जमणार नाही, आणि जमलं तरी करू देऊ नका. सहाव्या आठवड्याची तपासणी ठीक झाली, तर टेबलाशी बसून हलक्या फळांना दोरे बांधून देऊ शकतील. स्टुलावर चढायला भाच्या-पुतण्यांपैकी कोणीतरी बघा.